तडजोड सरकारची, उपचाराचा खर्च कोणाचा?

नुकसानभरपाईच्या दाव्यात तडजोड झाली की वादी आणि प्रतिवादी मोकळे होतात; दुखणे मात्र संपत नाही. पुढील उपचारांचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मागे उरतो. भोपाळ वायुपीडितांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर १९९१ मध्येच दिले होते. ते पाळले गेले नाही.

डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेनंतर संसदेने १९८५ मध्ये कायदा करून पीडितांच्या वतीने दावा लढविण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारला दिला. सरकारने ३३० कोटी डॉलर मागितले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर युनियन कार्बाइडशी तडजोड केली. पीडितांची संमती घेतली गेली नाही.

ऑक्टोबर १९९१ मध्ये फेरविचार याचिकांवर निकाल देताना न्यायालयाने ही रक्कम कायम ठेवली. मात्र ती अपुरी पडल्यास तूट केंद्राने भरून काढावी, असे बजावले. वायूच्या संपर्कात येऊनही ज्यांच्यात तोवर लक्षणे दिसली नव्हती, अशा सुमारे एक लाख लोकांचा वैद्यकीय विमा उतरविण्यासही सांगितले. हा विमा कधी उतरविलाच गेला नाही. उलट, २०१० मध्ये केंद्राने कंपनीकडून सात हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी करणारी याचिका दाखल केली. १४ मार्च २०२३ रोजी ती फेटाळताना पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विमा न उतरविणे हा केंद्राचा घोर निष्काळजीपणा ठरविला.

भोपाळमध्ये पीडितांसाठी रुग्णालये आहेत, असे यावर सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु विमापत्र हातात असलेला रुग्ण हक्क मागतो. ते नसलेला रांगेत उभा राहतो.

झालेली तडजोड वर्षानुवर्षांनी उकरून काढता येत नाही, हे तत्त्व योग्यच आहे. पण मग त्याच निकालाने केंद्रावर टाकलेली जबाबदारीही तितकीच अंतिम मानावी लागेल. पीडितांचा दावा लढविण्याचा अधिकार संसदेने सरकारच्या हाती दिला होता. त्यामुळे आजारी पीडितांच्या उपचारखर्चाची हमी देणारी स्वतंत्र तरतूद अर्थसंकल्पात करून घेणे हे संसदेचेच कर्तव्य ठरते. तडजोडीवर सही ज्याची, उरलेले बिलही त्याचेच.