पडे झडे, माल वाढे

"जेवलास का रे?"

"हो."

"मग आता काय चाललंय?"

"मरतोय."

फोनच्या या टोकाला आईच्या काळजाचा ठोका चुकतो. त्या टोकाला चिरंजीव हसत असतात. "अगं, खेळात! एकच राक्षस आहे. सत्तावीस वेळा मारलं त्यानं मला!"

थोड्याफार फरकानं हा संवाद आज कितीतरी घरांत होत असेल. समजा, आई सांगलीत आहे आणि मुलगा चेन्नईला, गिंडीच्या जंगलातून काढलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या आयआयटीच्या वसतिगृहात. प्रवेशासाठी दोन वर्षं घासलेला, हुशार मुलगा. तो अभ्यास आटोपल्यावर विकतचा मार खात बसतो आणि वर त्याला मजा येते, हे आईला कसं पटावं?

आईनं स्वतःचंच बालपण आठवून पाहावं. नव्वदच्या दशकात टीव्हीला खोका जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळणारी पिढी आता आई-बाबा झाली आहे. कॉन्ट्रात तीन जीव मिळायचे. काही बटणं ठरावीक क्रमानं दाबली की तीनाचे तीस व्हायचे. पण तीस जीव घेऊन जिंकणाऱ्याचं गल्लीत कौतुक नव्हतं. तीन जिवांत शेवट गाठणारा मात्र हिरो! अवघड वाटेनं गेलेल्याचाच मान मोठा, हे त्या वयातही सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलगा खेळतोय तो खेळ त्याच कुळातला. याला ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण एक पात्र घ्यायचं, त्याचं बळ, चपळाई, जादू हवी तशी वाढवायची. लढाई मात्र आपल्याच बोटांनी लढायची. यातल्या कठीण खेळांना जगभर वेड लावलं ते हिदेताका मियाझाकी या जपानी माणसानं. २००४ साली तो फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीत आला. तिथे रखडलेला एक खेळ त्यानं हाती घेतला. तो २००९ साली 'डीमन्स सोल्स' नावानं बाजारात आला. २०११ मध्ये 'डार्क सोल्स' आला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत 'एल्डन रिंग'. या शेवटच्या खेळाच्या वर्षभरात दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. मार खायला एवढी गर्दी!

'एल्डन रिंग'मध्ये सुरुवातीलाच एका किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा राक्षस उभा असतो. तो काठी उगारतो. नवा खेळाडू घाबरून लगेच बाजूला उडी मारतो. पण मार्गिट काठी उगारूनच धरतो आणि उडी संपली की हाणतो. खेळ खलास. पुढच्या वेळी खेळाडू थोडा थांबतो, तर दुसराच वार बसतो. दहाव्या वेळी त्याला कळतं, की काठीकडे पाहून घाबरायचं नाही, ती खाली येऊ लागली की मगच हलायचं. विसाव्या वेळी तो राक्षसाच्या चालीवर ताल धरून नाचू लागतो. राक्षस तोच, त्याची काठी तीच. मधल्या काळात बदललेला असतो तो फक्त खेळणारा.

खरी गोडी इथेच आहे. या खेळात हरण्याला कारण असतं आणि ते डोळ्यांना दिसतं. घाई केली, हाव धरली, एक जादा वार करायला गेलो. दोष नशिबाचा नाही, आपला. आणि आपला आहे म्हणूनच सुधारता येतो. सापशिडीत साप गिळतो तेव्हा शिकण्यासारखं काही नसतं, फासा तसा पडला एवढंच. इथे प्रत्येक साप कुठे दडलाय ते ध्यानात ठेवता येतं.

शिवाय हरण्याची किंमत मोजूनमापून ठेवलेली आहे. मेलं की जमवलेली पुंजी मेल्या जागी सांडते. परत जाऊन ती उचलायची एकच संधी मिळते. वाटेत पुन्हा मेलं, तर ती कायमची गेली. म्हणून छातीत धडधडतं. वर लढाईच्या मध्यात 'जरा थांब' म्हणायची साधी सोय नाही. आईच्या हाकेला "पाच मिनिटं" हे उत्तर येतं ते यामुळेच! पण सारंच बुडत नाही. सापडलेली शस्त्रं, वाढवलेलं बळ आणि मुख्य म्हणजे बोटांना लागलेलं वळण शिल्लक राहतं. राक्षस आवरत नसेल, तर पाठ फिरवून दुसरीकडे जाता येतं, बळ कमावून परत येता येतं, दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावता येतं.

आणि माणूस तिथे अगदी एकटाही नसतो. आधी येऊन गेलेल्यांनी जमिनीवर सूचना लिहून ठेवलेल्या असतात. पुढे दबा धरून कोणी बसलाय, इथे उडी मारू नकोस. काही सूचना चक्क फसव्या! पण तुमची सूचना कुणा अनोळख्यानं चांगली ठरवली, की त्या क्षणी तुमच्या पात्राला थोडा जीव परत मिळतो. परोपकाराचं पुण्य असं रोख मिळतं.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९९० सालच्या आपल्या पुस्तकात या अवस्थेला 'फ्लो' म्हटलं. काम फार सोपं असलं तर कंटाळा, फार कठीण असलं तर धास्ती. आपल्या ताकदीच्या जेमतेम पुढे असलं, की माणूस त्यात भान हरपून रमतो. मल्लखांबावर रोज घसरणारा मुलगा उद्या पुन्हा का जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजावायला नको.

पण हरणं सगळंच सारखं नसतं. तमिळनाडूच्या राज्यपालांचं निवासस्थानही याच गिंडीत, त्याच झाडीला लागून आहे. ऑनलाइन रमीत पैसे घालवून, कर्जात बुडून लोकांनी जीव दिल्यावर तमिळनाडू विधानसभेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ऑनलाइन जुगाराविरुद्ध विधेयक मंजूर केलं. ते इथे येऊन थांबलं, मार्च २०२३ मध्ये परत गेलं, विधानसभेनं पुन्हा मंजूर केलं आणि एप्रिलमध्ये त्यावर सही झाली. नोव्हेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं कायदा राखला, पण रमी आणि पोकर हे कौशल्याचे खेळ म्हणून त्यातून वगळले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणणारा कायदाच केला.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. आईला मात्र सोपी कसोटी पुरते: हरल्यावर खेळ काय मागतो? पैशाचा खेळ म्हणतो, आणखी लाव, गेलेलं परत मिळेल. मार्गिट म्हणतो, नीट बघ, पुन्हा ये. एक हार खिसा रिकामा करते, दुसरी हार नजर तयार करते.

म्हणून काळजी करूच नये असं नाही. ज्या खेळाचा ताबा सुटतो, झोप, जेवण, अभ्यास, माणसं मागे पडतात आणि नुकसान दिसत असूनही जो थांबवता येत नाही, त्या खेळण्याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली विकारांच्या यादीत घातलं आहे. तिथे राक्षस कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही. रात्रीचे तीन वाजले असतील, तर राक्षस उद्याही तिथेच उभा असतो, हे मुलाला सांगायलाच हवं.

पण पुढच्या फोनवर आईनं "किती वेळ खेळतोस?" एवढंच विचारू नये. "आज कशामुळे हरलास?" असंही विचारावं. "नशीबच खराब, पुढच्या डावात बघ" असं उत्तर आलं, तर सावध व्हावं. आणि "अगं, घाई केली मी, काठी खाली येईपर्यंत थांबायला हवं होतं," असं उत्तर आलं, तर निश्चिंत मनानं म्हणावं, "बरं, आता झोप. उद्या थांबून बघ."

रांगतं मूल धडपडलं की घरातली आजी शांतपणे म्हणायची, पडे झडे, माल वाढे. सांगलीच्या अंगणात पडताना आईनं त्याला उचललं होतं. गिंडीच्या खोलीत तो स्वतःच उठून उभा राहायला शिकतोय.