सरहद्दीवरचा अंमलदार

व्हिडिओ गेम म्हणजे निव्वळ कालापव्यय, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही. तथापि लुकस पोप या अमेरिकन रचनाकाराचा २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ, ज्यात पराक्रम गाजवण्याऐवजी १९८२ सालच्या आर्स्टोट्स्का नामक काल्पनिक राष्ट्राच्या सरहद्दीवर दस्तऐवज तपासणाऱ्या क्षुद्र अंमलदाराची नेमणूक खेळणाऱ्याच्या वाट्यास येते, आम्हांस कित्येक गाजलेल्या कादंबऱ्यांहून अधिक अस्वस्थ करून गेला, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते.

या खेळातला एक प्रसंग असा: पतीचे कागद बिनचूक, मागोमाग आलेल्या पत्नीजवळ मात्र प्रवेशाचा परवानाच नाही. तिला आत सोडावे तर आधी ताकीद, पुढे दंड, आणि घरी भाडे, अन्न, औषध, ऊब या साऱ्यांची तोंडमिळवणी त्याच तुटपुंज्या रोजमुऱ्यातून करायची! आम्ही तिला सोडले. (पुढल्या दंडांची भरपाई लाचेतून झाली, हेही वाचकांच्या कानी घालतो.)

पोप यांचाच २०१८ सालचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’, ज्यात ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक होऊन एका गलबतावरील ६० असामींचे काय झाले याचा छडा लावायचा असतो, बुद्धीचा कस अधिक पाहतो आणि देखणाही अधिक आहे; आमची पसंती मात्र त्या कळकट चौकीलाच.