‘दर्या’, ‘दऱ्या’ आणि आवृत्तीची नोंद

ज्ञानेश्वरीवरील प्रबंधात ओवी उद्धृत करताना ती कोणत्या प्रतीतून घेतली हे न सांगणारा अभ्यासक आज आपल्याला चालत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये जुन्या पोथीच्या आधारे वेगळी संहिता छापली. पाठ बदलला की शब्दाचे रूप बदलते आणि रूप बदलले की भाषेविषयीचे निष्कर्षही बदलतात, हे आपण कष्टाने शिकलो. परंतु तीच संहिता संगणकात गेली की ही शिस्त आपण उंबरठ्याबाहेर ठेवतो. प्रस्तुत टिपणाचा विषय एवढाच आहे.

शब्दांची वारंवारता मोजणे, बोलीतील रूपे निवडणे, दोन संहितांची तुलना करणे ही कामे आता मराठीचे विद्यार्थीही पायथन या संगणकभाषेच्या आधारे करतात. त्यासाठी लागणारी तयार आज्ञावली, संगणकाच्या परिभाषेत ‘लायब्ररी’, आणण्याची रीत वरकरणी सोपी आहे. काळ्या पडद्यावर ‘पिप इन्स्टॉल’ असे लिहून पुढे लायब्ररीचे नाव द्यायचे. पिप हे २००८ पासून प्रचारात असलेले साधन. ते ‘पायथन पॅकेज इंडेक्स’ या सार्वजनिक भांडारातून ती लायब्ररी आणते, तिला आणखी कोणत्या लायब्रऱ्यांची गरज आहे ते पाहते आणि त्याही आणते. आवृत्तीचा क्रमांक दिला नसेल, तर त्या यंत्राला चालणारी सर्वांत नवी आवृत्ती सामान्यतः येते. याचा अर्थ असा की, एकच ओळ वर्षाच्या अंतराने लिहिणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना एकच साधन मिळेल याची खात्री नाही. ओळ तीच असल्यामुळे आपली साधने भिन्न आहेत, हे मात्र दोघांनाही कळत नाही.

वसई तालुक्यातील कळंब या समुद्रकाठच्या गावी बसून मी हे लिहीत आहे. ‘कळंब’ म्हटले की बहुतेकांना धाराशिव किंवा यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आठवते. त्यामुळे पत्त्यात वसई लिहिल्यावाचून आमचे भागत नाही. तालुका लिहूनही पुन्हा जिल्हा सांगावा लागतो, कारण २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेले हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. नुसते नाव पुरत नाही, ही गोष्ट इथल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. लायब्ररीचेही तसेच आहे. आवृत्तीविना तिचे नाव म्हणजे तालुक्याविना कळंब. शिवाय नावात एका अक्षराची चूक झाली, तर त्या चुकीची वाट पाहत मुद्दाम ठेवलेली घातक आज्ञावलीही यंत्रात शिरू शकते.

आता प्रत्यक्ष भाषेकडे येऊ. आमच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला, दूर सह्याद्रीत, दऱ्या आहेत. या दोन शब्दांतील भेद मराठी लेखनात रफार आणि अर्धा ‘र’ यांनी दाखवला जातो. युनिकोड या संकेतप्रणालीत ‘दऱ्या’मधील अर्ध्या ‘र’साठी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात आणि त्याची ‘र’ अधिक नुक्ता अशी फोड अधिकृतपणे समतुल्य मानली जाते. अनेक भारतीय भाषांसाठी केलेल्या लायब्रऱ्यांत लेखनाचे एकरूपीकरण करणारी सोय असते आणि तीत नुक्ते गाळण्याचा पर्यायही असू शकतो. हिंदी-उर्दूच्या लेखनभेदांचा विचार करता तो उपयुक्त आहे. परंतु ‘ऱ’ची फोड करून नंतर नुक्ता गाळला की मागे ‘र’ उरतो आणि ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. डोंगरदऱ्यांच्या वर्णनात समुद्र शिरतो. यंत्र कोणतीही तक्रार करत नाही. तक्ता नीटनेटका छापला जातो आणि परीक्षकही त्यावर मान डोलावतो.

बोलींच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर आहे. वसई-पालघरच्या पट्ट्यात वाडवळी, सामवेदी (कादोडी), मांगेली अशा बोली नांदतात. किनाऱ्यावरील कोळी-आगरी बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ ऐकू येतो. प्रमाण मराठीवर घडवलेल्या शुद्धलेखन-तपासनीसाला ही रूपे चुका वाटणार. म्हातारीच्या तोंडून मिळालेले गाणे विद्यार्थ्याने निष्ठेने टिपावे आणि साधनाने ते निमूटपणे ‘सुधारावे’, यापरते दुर्दैव कोणते? ती म्हातारी गेल्यावर पडताळणीसाठी जायचे तरी कोणाकडे?

‘हे तंत्रज्ञांचे काम आहे’ असा आक्षेप घेतला जाईल. परंतु पाठनिश्चिती आपण मुद्रकावर कधी सोपवली नाही. जुनीच आवृत्ती धरून बसल्यास तिच्यातील दोषही कायम राहतील, हा दुसरा आक्षेप खरा आहे. मात्र माझा आग्रह जुन्या आवृत्तीचा नसून नोंदीचा आहे. एकनाथी प्रत घ्या वा राजवाड्यांची, कोणती घेतली ते सांगा.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. प्रबंधाच्या साधनसूचीत प्रत्येक लायब्ररीचे नाव, आवृत्ती आणि निवडलेले पर्याय द्यावेत. ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा यंत्रातील आवृत्त्यांची यादी क्षणात देते. प्रत्येक संशोधनप्रकल्पासाठी संगणकात वेगळा कप्पा करावा, म्हणजे एका कामासाठी आणलेली नवी आवृत्ती दुसऱ्या कामाखालची जमीन हलवणार नाही. तिसरी सूचना विभागांसाठी आहे. वापरलेल्या लायब्रऱ्यांच्या प्रती आणि बोलीचे मूळ, अस्पर्शित लेखन ग्रंथालयात जतन करावे. सार्वजनिक भांडारातील वस्तू कायम राहतेच असे नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्याने जावास्क्रिप्टच्या भांडारातून काढून घेतली आणि तिच्यावर विसंबलेले जगभरातील असंख्य प्रकल्प अडले.

ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ चा आहे. त्यातील नमुन्यांवर आज वाद घालता येतो, कारण ते जसे टिपले गेले तसे कागदावर उरले आहेत. आपल्या तक्त्यांशी पुढच्या पिढीला असाच वाद घालता यावा, एवढी सोय तरी आपण मागे ठेवली पाहिजे.