भागीदारीतला तिसरा वाटेकरी

धारगळात सुकेकुळणीपाशी महामार्ग सोडून मोपाच्या पठाराकडे निघालेला नवा रस्ता पाहिला, म्हणजे गोव्याच्या पेडणे महालात केवढे स्थित्यंतर घडते आहे याची जाणीव होते. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचे आणि मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यांपैकी पहिली संस्था सर्वस्वी सरकारी, तर दुसरा प्रकल्प सरकार आणि खासगी भांडवल यांच्या भागीदारीचा.

ही भागीदारी मुळात जुन्या इजाऱ्याच्याच जातीची आहे. सरकारने जमीन संपादन करून द्यावी, जीएमआर कंपनीने भांडवल घालून ४० वर्षे विमानतळ चालवावा, आणि आरंभीच्या सवलतीचा काळ सरल्यावर महसुलाचा ३६.९९ टक्के हिस्सा राज्याच्या तिजोरीत भरावा, असा हा व्यवहार. एवढे मोठे काम एकट्या सरकारी खजिन्यावर न टाकण्यात शहाणपण आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु या करारनाम्यात ज्याची सही नाही, असा एक तिसरा वाटेकरी आहे. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या गावांची काजूची भाटे आणि गुरे चारण्याचे पठार यांवरच हा प्रकल्प उभा राहिला. या गावांना मिळालेला मोबदला ही जमिनीची एकवारची किंमत झाली. वर्षानुवर्षे वाढत जाणाऱ्या उत्पन्नातला वाटा ती नव्हे. गोव्याच्या गांवकारीने, म्हणजे सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेने, हा भेद पूर्वीच ओळखला होता: सामाईक जमिनीचे उत्पन्न आले, की गावखर्च भागवून उरलेल्या शिलकेतून गांवकाराला जोण, म्हणजे त्याचा वाटा, मिळे, आणि ती दरसाल मिळे.

गावाला दूर ठेवून भांडवलाचेही हित साधत नाही. वनसंपदेसंबंधीची आवश्यक माहिती उघड न केल्याच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मोपाची पर्यावरणीय परवानगी स्थगित केली आणि जानेवारी २०२० पर्यंत काम अडून राहिले. जे आरंभीच ग्रामसभेपुढे मांडता आले असते, ते न्यायालयात मांडावे लागले.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. राज्याच्या हिश्श्यातला ठराविक भाग कायद्याने पेडण्याच्या पंचायतींकडे दरसाल वर्ग व्हावा, आणि करारनामा मराठी व कोंकणीतून ग्रामसभेत वाचला जावा. धारगळात यापुढे येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाची बोलणी याच दोन अटींपासून सुरू व्हावीत. ज्या पठारावर आपल्या आजोबांची गुरे चरली, त्याच्या उत्पन्नाचा हिशेब विचारताना पेडण्याच्या तरुणाला आपण याचक आहोत असे वाटता कामा नये.