कुलूप आहे, किल्ली आहे...

आमच्या घराच्या दाराशेजारी एका खिळ्याला सायकलचे कुलूप टांगलेले आहे. वायरच्या दोराचे. कुलूप बंद आहे, त्याची किल्लीही सोबत आहे. फक्त वायर मधोमध कापलेली आहे. येणारेजाणारे विचारतात, "हे मोडकं कुलूप कशाला जपून ठेवलंय?" मी हसून वेळ मारून नेते. आज मात्र त्याची हकीगत सांगावी म्हणते. कारण सायकल माझी गेली असली, तरी गोष्ट माझ्या एकटीची नाही.

ती सायकल मी १९९८ साली पुण्यातल्या एका कारागिराकडून बांधून घेतली होती. पोलादी फ्रेम, चामड्याची सीट, पुढे-मागे कॅरिअर. तिच्यावरून मी वरंधा घाट उतरून कोकणात गेले, एका हिवाळ्यात कन्याकुमारी गाठली. पण तिचे खरे मोल होते हँडलवरच्या घंटीत. ती अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या रॅले सायकलची घंटी. अण्णा सांगलीला शाळामास्तर होते. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ती घंटी वाजली की आई चहाचे आधण ठेवायची. अण्णा १९९६ मध्ये गेले, त्यांची सायकल गंजून भंगारात गेली. घंटी तेवढी मी काढून घेतली. तेल दिले की ती पूर्वीसारखीच वाजायची.

२०१८ च्या सप्टेंबरात, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर, मी आणि माझी एक मैत्रीण ऱ्हाईन नदीच्या काठाने सायकलवरून निघालो. सायकली खोक्यात बांधून विमानाने नेल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पुन्हा जोडल्या. नदीकाठी मोठमोठे पांढरे फलक आहेत. त्यांवरचे किलोमीटर कॉन्स्टन्सच्या पुलापासून मोजलेले. बाझलला आकडा एकशे सत्तरच्या आत असतो आणि समुद्राशी तो १०३६ पर्यंत जातो. रोज सकाळी आम्ही तो आकडा वहीत टिपायचो. स्ट्रासबर्ग झाले, कोलोनचे कॅथेड्रल झाले, मग सपाट हॉलंड लागले. आर्नेमला मैत्रिणीने हट्टाने मनगटाएवढी जाड साखळी विकत घेतली. मी म्हटले, "एवढं ओझं कशाला? माझं कुलूप चांगलंय की!" तिने काही उत्तर दिले नाही.

शेवटचा मुक्काम अ‍ॅमस्टरडॅम. परतीच्या विमानाला दोन दिवस होते. दुपारी बाजारात चीज आणि फुलांचे कंद घ्यायला म्हणून दोघींनी सायकली कालव्याच्या कठड्याला बांधल्या. फार तर पाऊण तास लागला असेल. परत आलो तेव्हा मैत्रिणीची सायकल जागच्या जागी होती. माझ्या सायकलच्या जागी जमिनीवर हे कुलूप पडले होते. बंद.

माणूस अशा वेळी वेड्यासारखे वागतो. मी आधी कठड्याची दुसरी बाजू पाहिली. मग कालव्यात वाकून पाहिले. त्या शहरात कालव्यांतून दर वर्षी बारा ते पंधरा हजार सायकली लोखंडी पंजाच्या बोटींनी उपसून काढतात, हे मला आदल्याच दिवशी कुणी गमतीने सांगितले होते. आता मला वाटू लागले, पाण्यात तरी असू दे, म्हणजे घंटी मिळेल. मग तासभर आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. ज्या देशात माणसे पावणेदोन कोटींच्या आसपास आणि सायकली दोन कोटींच्या वर, तिथे एक हिरवी सायकल शोधायची! कुठे घंटी वाजली की मी मान वळवत होते, आणि तिथे तर दर क्षणाला घंटी वाजते.

पोलीस ठाण्यातली तरुण मुलगी सौजन्याने वागली. तिने पहिला प्रश्न विचारला, "फ्रेमचा नंबर?" मी गप्प. वीस वर्षे मी ती सायकल पुसली, तिला तेलपाणी केले, तिच्या प्रत्येक ओरखड्याची कुळकथा मला पाठ होती; पण नळीवर कोरलेला नंबर मी कधी वाचला नव्हता. तिकडे विकत घेण्याआधी सायकल चोरीची आहे का, हे सरकारी नोंदीत नंबर घालून पाहता येते. माझी सायकल त्या नोंदीत जाणारच नव्हती. लहानपणी आमच्या गावात सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असे, त्यावर नंबर असे. बिल्ला नसला तर अण्णा सायकल दारातून बाहेर काढत नसत. मास्तरांची मुलगी या परीक्षेत नापास झाली होती.

त्या रात्री आमच्या मुक्कामाच्या घरमालकीणबाईंनी चहा करून दिला. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांनी सांगितले, सायकल हे इथल्या लोकांचे जुने दुखणे आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने लोकांच्या सायकली जप्त केल्या, त्याचा सल इतका खोल, की पुढे कितीतरी वर्षे फुटबॉलच्या सामन्यांत जर्मनांना चिडवायला लोक "आधी आमची सायकल परत करा" असे म्हणत. १९६५ साली इथल्या काही तरुणांनी पांढऱ्या रंगवलेल्या सायकली रस्त्यावर ठेवल्या. कुणीही घ्याव्यात, वापराव्यात, सोडून द्याव्यात. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणे नियमाविरुद्ध होते. तेव्हा त्या तरुणांनी कुलपे लावली आणि कुलपाचा आकडा सायकलवरच रंगवून टाकला! आम्ही हसलो. मग बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या आजवर पाच गेल्या. दुसरी गेली तेव्हा फार रडले. आणि तिसरी मी रात्री पुलावर उभ्या असलेल्या एका नशेबाज पोराकडून पंचवीस गिल्डरांना घेतली. कुणाची होती, ते विचारलं नाही."

मला झोप लागली नाही. कारण बाईंच्या त्या वाक्याने माझ्या डोळ्यांपुढे एक हिरवा चेनकव्हर आणून उभा केला होता.

ते १९७९ साल. दादा कॉलेजात जायला लागला होता. घरात एकच सायकल, ती अण्णांची. एक दिवस ओळखीच्या कुणीतरी एक सायकल आणून दिली. चांगली दणकट, आणि किंमत नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. अण्णांनी विचारले, "पावती?" दादा म्हणाला, "नंतर देतो म्हणालाय." दुकानदाराने चुकून जास्त दिलेले चार आणे परत करायला भर उन्हात जाणारे अण्णा त्या दिवशी एवढेच म्हणाले, "बरं." चेनकव्हरवर हिरवा रंग ताजा होता. त्या काळी लोक चेनकव्हरवर आपले नाव रंगवून घेत. मी चौदा-पंधरा वर्षांची होते. त्या रंगावरून बोट फिरवले की खालची अक्षरे बोटाला लागत. एक 'द' लागायचा, पुढे जोडाक्षर. मी ते दादाला दाखवले. तो म्हणाला, "गप्प बस, उगाच फाटे फोडू नकोस." मी गप्प बसले. पुढे त्याच सायकलवर मी हाफ पेडल मारायला शिकले. पावती कधीच आली नाही.

तो 'द' कोण होता? दूध घालणारा असेल, पेपर टाकणारा असेल, गिरणीत कामाला जाणारा असेल. माझी सायकल गेली तेव्हा माझा प्रवास संपत आलेला होता, आणि परतीचे तिकीट पर्समध्ये होते. त्याच्या सायकलबरोबर कदाचित त्याचे काम गेले असेल. व्हित्तोरियो डी सिका यांच्या 'बायसिकल थीव्हज' या १९४८ सालच्या इटालियन चित्रपटात हीच तर गोष्ट आहे. भिंतीवर जाहिराती चिकटवण्याच्या नोकरीसाठी नायकाला सायकल हवी असते. घरातल्या चादरी गहाण टाकून बायको ती सोडवते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. शेवटी तोच माणूस, पोरगा बरोबर असताना, दुसऱ्याची सायकल चोरायला धावतो आणि पकडला जातो. १९५२ साली मुंबईत भरलेल्या आपल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला होता. मी तो फार नंतर पाहिला आणि रडले. पण रडताना स्वतःला मी नायकाच्या घरातली समजत होते. आमचे घर चोरीचा माल घेणाऱ्यांतले असू शकते, हे तेव्हा मनाला शिवलेही नाही.

भारतात परतल्यावर सगळ्यांनी दोनच प्रश्न विचारले: "केवढ्याची होती?" आणि "कुलूप नीट लावलं नव्हतंस का?" पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हते. घंटीची किंमत कशी सांगायची? दुसऱ्या प्रश्नाने मात्र वाईट वाटले. आपल्याकडे चोरी झाली की चौकशी मालकाची होते. चोराबद्दल आपण "असायचेच" म्हणतो. आणि चोर कुणाच्या जिवावर जगतो, हे कुणी विचारत नाही. चोर सायकल स्वतः चालवायला नेत नाही, विकायला नेतो. स्वस्तात मिळते म्हणून घेणारा आणि पावती न मागणारा सभ्य गिऱ्हाईक नसेल, तर वायर कापण्याचे कष्ट कोण घेईल?

कायद्याला हे केव्हाच कळलेले आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय दंड संहितेच्या ४११ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ३१७ व्या कलमात तो आहे. कळत नाही ते आपल्याला, कारण आपल्या मनात चोर म्हणजे भिंत चढून येणारा. 'वाजवी भावात मिळाली' असे जेवताना कौतुकाने सांगणारा आपल्याला चोराचा भागीदार वाटत नाही.

राखण करण्याचे काम एकट्या मालकावर सोडायचे नसते, हेही मी हॉलंडकडून शिकले. उट्रेक्ट स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली मावतील असा तळ आहे; तो २०१९ मध्ये पूर्ण झाला. अ‍ॅमस्टरडॅमच्या मुख्य स्टेशनासमोर पाण्याखाली सात हजार सायकलींचा तळ २०२३ मध्ये उघडला. आपल्याकडे एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात आज सायकल लावायला जागा शोधावी लागते. तेवढे मोठे तळ राहू देत; शाळेबाहेर, मंडईबाहेर एक लोखंडी दांडा आणि एक नजर ठेवणारा माणूस पुरेल. आणि घरोघरी एक वही पुरेल, सायकलचा नंबर लिहून ठेवायला.

गेल्या वर्षी भाच्याला सायकल घ्यायची होती. फोनवरच्या जाहिरातीत एक छान, जवळपास नवी सायकल निम्म्या किमतीत दिसली. तो हरखून मला दाखवायला आला. म्हणाला, "आत्या, लगेच घेऊन टाकू, नाहीतर जाईल." मी विकणाऱ्याला फोन लावला. तो गोड बोलला. सायकल घरी आणून देतो म्हणाला. मी म्हटले, "पावती आणि फ्रेमचा नंबर तेवढा पाठवा." पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

भाचा हिरमुसला. मी त्याला दारापाशी नेले, ते कुलूप त्याच्या हातात दिले आणि आधी त्याच्या बाबाने १९७९ साली आणलेल्या हिरव्या सायकलची गोष्ट सांगितली. माझ्या सायकलची मग सांगितली.