वंगणाखालची अक्षरे

शस्त्र विकत घ्यायला पैसा पुरतो. ते राखायला माणूस लागतो. सैन्याने निकालात काढलेल्या जुन्या रायफली हौसेने विकत घेऊन त्या साफ करण्याचा मोठा छंद अमेरिकेत आहे. आपल्या कायद्यात अशा छंदाला जवळपास वाव नाही आणि तो असावा, असे सुचविण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतूही नाही. तथापि या छंदात एक शिस्त आहे, आणि त्या शिस्तीतून आपण बरेच काही शिकण्यासारखे आहे. त्यासाठी उदाहरण घ्यायचे ते आपल्या शेजारच्या नेपाळचे.

काठमांडूत लगन सिलेखाना नावाचे जुने शस्त्रागार होते. ‘सिलेखाना’ हा शब्द मराठी वाचकाला परका वाटू नये. आपल्या ‘शिलेदारा’तला ‘शिले’ तोच, म्हणजे शस्त्र. या वास्तूत पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या हजारो बंदुका २००३ साली अमेरिकी व्यापाऱ्यांना विकल्या गेल्या. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील ठासणीच्या ‘ब्राऊन बेस’ बंदुका होत्या, १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, आणि नेपाळातच घडविलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. राणा पंतप्रधान वीर शमशेर यांचे पुत्र गहेंद्र शमशेर हे कल्पक तंत्रज्ञ होते. मार्टिनी पद्धतीच्या रचनेत फेरफार करून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रायफल सिद्ध केली. ज्या राज्यकर्त्यांनी १८५७ च्या संग्रामात इंग्रजांना साह्य केले आणि ज्यांच्याच तराईत पुढे नानासाहेब पेशव्यांना आश्रय घ्यावा लागला, त्या नेपाळचा सारा गुंतागुंतीचा इतिहास त्या शस्त्रागारात धूळ खात पडला होता.

अमेरिकेत या बंदुका दोन प्रकारे विकल्या गेल्या: साफ केलेल्या, आणि आहेत तशा. अनेक संग्राहकांनी मुद्दाम दुसरा प्रकार निवडला. अशी रायफल हाती येते तेव्हा ती रायफल कमी आणि काळ्या चिकट थराने माखलेला ओंडका अधिक दिसते. तेल, चरबी, धूळ आणि गंज यांचे शतकभरात एकजीव झालेले ते किटण असते. संग्राहक ते थराथराने उतरवतो, आणि एखाद्या संध्याकाळी धातूवर काही खुणा उमटतात. त्या असतात देवनागरी आकडे आणि अक्षरे! ज्याला आपली लिपी वाचता येत नाही असा दूरदेशीचा मनुष्य ती अक्षरे जपण्यासाठी हातातला ब्रश खाली ठेवतो आणि बोटाने हळुवार चोळू लागतो. या घटनेत आपल्यासाठी बोध आहे.

आता हे काम होते कसे, ते पाहू. पहिला नियम असा की, बंदूक भरलेली आहे असेच गृहीत धरायचे. हा नियम नुसता पुस्तकी नाही. ठासणीच्या जुन्या बंदुकांमध्ये शेदीडशे वर्षांपूर्वी भरलेली दारू आणि गोळी तशीच राहिल्याची उदाहरणे आहेत, आणि कोरडी राहिलेली काळी दारू आपला गुण सहजासहजी सोडत नाही. म्हणून गज नळीत अलगद सोडून तो किती आत जातो हे पाहायचे, त्यावर खूण करायची आणि तीच लांबी नळीच्या बाहेरून ताडून पाहायची. गज कान्याच्या अलीकडेच थांबला, तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक स्वतः उघडण्याच्या भरीस न पडता जाणकाराकडे सोपविण्यातच शहाणपण. रायफल पाठीमागून भरण्याची असेल, तर मागचे तोंड उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का, हे आधी पाहायचे. नळीत साकळलेले वंगणही झाडताना अडथळा ठरते आणि नळी फुटू शकते.

दुसरा नियम घाई न करण्याचा. जुने स्क्रू गंजून बसलेले असतात. त्यांवर पातळ तेलाचे थेंब सोडून दिवसचे दिवस वाट पाहावी लागते, आणि खाचेत नेमका बसेल असाच पेचकस वापरावा लागतो. अन्यथा स्क्रूचे डोके कायमचे बिघडते. वंगण उतरवायला ऊब आणि रॉकेल पुरेसे होते. लोखंडी भाग रॉकेलमध्ये भिजवून मऊ ब्रशाने घासायचे. लाकडी दस्ता मात्र बुडवायचा नाही. ओलसर फडक्याने पुन्हा पुन्हा पुसायचा, उन्हाच्या उबेने लाकडातले तेल वर येऊ द्यायचे आणि ते टिपून घ्यायचे. हे सारे मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर. पेट्रोलला तर हातही लावू नये.

रशियन बनावटीच्या मोसिन-नागां रायफली सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर अमेरिकेत स्वस्तात आल्या, त्याही अशाच ‘कॉस्मोलीन’सारख्या घट्ट तपकिरी वंगणात बुडविलेल्या. हे वंगण गंजापासून रक्षण करते हे खरे. पण ते योग्य जागेवरून काढले नाही तर तेच घातक ठरते. त्याच देशाच्या एसकेएस या स्वयंभरण रायफलीत टाचणी मोकळी हलणारी असते. तिच्या खोबणीत वंगण घट्ट झाले की टाचणी पुढे अडकून बसते आणि चाप न ओढताच काडतूस उडू शकते. एका चमच्यात मावेल एवढ्या मळाने जीव जाऊ शकतो, हे ज्याला कळले त्याला ‘निगा’ या शब्दाचा अर्थ कळला.

नळीच्या सफाईत आणखी एक मर्म आहे. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड मागे राहते, म्हणजे आपल्या मिठाचेच भावंड. ते हवेतली ओल ओढून घेते आणि नळीला आतून खाते. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज कसे गळतात, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. यावर तेल उपयोगाचे नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. ते पाण्यातच विरघळते. म्हणूनच ब्रिटिश शिपाई नरसाळे लावून नळीतून उकळते पाणी ओतत असे. तापलेली नळी लगेच कोरडी होई आणि मग तिला तेलाचा हात फिरे. ‘थ्री-नॉट-थ्री’ ली-एन्फील्डच्या दस्त्यात पितळी झाकणामागे एक पोकळी असते. तिच्यात तेलाची कुपी आणि ‘पुलथ्रू’ नावाची वजनदार टोकाची दोरी ठेवलेली असे. एनसीसीतून गेलेल्या वाचकांना ती दोरी आणि तिच्यात ओवायची चिंधी आठवत असेल. चिंधी नेहमी मागच्या तोंडातून घालून पुढच्या तोंडातून ओढायची. कारण पुढच्या तोंडाची कड झिजली की नेम गेला.

लाकडाला शेवटी जवसाचे तेल लागते. तळहाताच्या उबेने चोळून, एक पातळ हात वाळल्यावर दुसरा. येथेही एक सावधगिरी हवी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर त्या वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून त्या पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात भिजवून टाकायच्या.

आता मुख्य मुद्दा. एवढे सगळे झाल्यावर बहुतेकांच्या मनात एक मोह उत्पन्न होतो: ही वस्तू नव्यासारखी लखलखीत का करू नये? काचकागद घ्यावा, दस्ता घासावा, लोखंड चमकवावे, वर झिलई चढवावी! अनुभवी संग्राहक नवख्याला येथेच थांबवतो. तांबडा, भुकटी होणारा गंज वस्तूला खात असतो. तो तेल आणि तांब्याच्या किंवा काशाच्या मऊ साधनाने काढलाच पाहिजे. परंतु लोखंडावर स्थिरावलेली तपकिरी झाक, दस्त्यावरचे शस्त्रागाराचे शिक्के, शिपायाच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा, हा मळ नव्हे. ही त्या वस्तूची स्मृती आहे. काचकागदाच्या दहा मिनिटांत शंभर वर्षे पुसली जातात आणि ती कोणत्याही किमतीला परत मिळत नाहीत. जे वस्तूचे नव्हे ते काढायचे. जे वस्तूचे आहे त्याला हात लावायचा नाही. स्वच्छता आणि खरवड यांतला हा भेद ज्याला कळत नाही, तो वारशाचा मालक होऊ शकेल, राखणदार नव्हे.

कोणी म्हणेल, जे शस्त्र पुन्हा झाडायचेच नाही त्याची एवढी निगा कशाला? गहेंद्र रायफली झाडू नयेत, असेच जाणकार सांगतात. उत्तर सरळ आहे. शस्त्राचे उपयोगीपण संपले म्हणून त्याचे साक्षीपण संपत नाही. कोणत्या कारागिराने कानशीने तो तुकडा घासला, कोणत्या पलटणीत तो गेला, याची साक्ष त्या आकड्यांतच उरलेली असते.

या छंदाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १९६३ च्या मार्चमध्ये ली हार्वे ओस्वाल्डने इटालियन सैन्याची निकालात काढलेली एक कार्कानो रायफल खोट्या नावाने टपालाने मागवली. दुर्बिणीसह तिची किंमत वीस डॉलरहूनही कमी होती. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती त्याच रायफलीने. पुढे १९६८ च्या कायद्याने अमेरिकेत रायफलींची अशी टपाली विक्री बंद झाली. तेव्हा निगा म्हणजे केवळ तेल नव्हे. कुलूपही निगेतच येते, आणि नोंदही. आपल्याकडे सैन्याच्या मापाची शस्त्रे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. हे धोरण योग्यच आहे. शस्त्र राखण्याची पात्रता आधी, शस्त्र नंतर, हाच क्रम समाजाच्या हिताचा असतो.

मग यात आपल्यासाठी काय? पुष्कळ आहे. बराकपूरजवळच्या ईशापूर येथील कारखान्याने १९६२ च्या युद्धानंतर ली-एन्फील्डची ७.६२ मि.मी. आवृत्ती तयार केली. आपल्या कामगारांच्या हातच्या त्या रायफलीही निकालात निघाल्यावर अमेरिकी बाजारात पोचल्या, आणि तेथील संग्राहक त्यांवरचा क्रमांक नि साल वाचून त्यांचा इतिहास टिपून ठेवतात. इकडे आपल्या गडांवरच्या आणि कचेऱ्यांसमोरच्या तोफांकडे पाहावे. उत्साहाच्या भरात त्यांवर तैलरंगाचे थर चढतात, आणि त्या थरांखाली ओतकामाचे शिक्के नि लेख बुजून जातात. घराण्यातली तलवार दसऱ्याला बाहेर निघते आणि ती ‘चमकली पाहिजे’ म्हणून लिंबू, राख, काचकागद यांच्या हवाली होते. मुठीवरचे सोन्याचे नक्षीकाम त्या चमकेपायी हरवते. हेतू भक्तीचा असतो, यात शंका नाही. परंतु ज्ञानाविना भक्तीने होणारी हानी भरून येत नाही.

आपली परंपरा याबाबत मुकी नाही. खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पूजेला मांडतात. पण त्याआधी ती धुऊन, पुसून, तेल लावून ठेवण्याची चाल आहे. पूजेचा पूर्वार्ध निगेचा आहे. फूल वाहणे हा उत्तरार्ध. आपण उत्तरार्ध टिकवला आणि पूर्वार्ध उरकून टाकू लागलो. गडसंवर्धनासाठी रविवार खर्ची घालणाऱ्या तरुणांनी आणि वाड्यातल्या जुन्या पेट्या उघडणाऱ्या कुटुंबांनी एवढे पथ्य पाळावे: आधी छायाचित्र, मग नोंद, मग मऊ फडके आणि थोडे तेल. अक्षर दिसले की हात थांबवावा आणि पुराभिलेखाच्या जाणकाराला बोलवावे. रंगाचा डबा तर गडावर नेऊच नये.

नेपाळी कारागिराने कोरलेली देवनागरी अक्षरे सातासमुद्रापार वाचली, कारण तेथे कोणीतरी धीर धरला. आपल्या अंगणातली अक्षरे वाचवायला तर समुद्र ओलांडावा लागत नाही. धीर मात्र तेवढाच लागतो.