पाय कुणाला हवेत?

ध्वनियंत्राखाली चार पाय बसवले की गाणे ‘मोकळे’ होते, असा एक नवा संप्रदाय पेडणे-डिचोलीतील आपल्या जुन्या घरांतही शिरू पाहत आहे. रबराचे, पितळेचे, स्प्रिंगचे हे कंपनरोधक पाय चारांच्या संचाला काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत विकले जातात. वसरीत तबकडीयंत्र असलेल्याने ते घ्यावेत, हे एक वेळ समजू शकते. पण ज्यांच्याकडे केवळ अॅम्प्लिफायर व सीडी प्लेयर आहे, तेही खिसा रिकामा करून बसतात. या व्यवहाराला माझा स्पष्ट विरोध आहे.

तबकडीची गोष्ट निराळी, हे आधीच मान्य करतो. मंद स्वरांत सुईची खाचेतील हालचाल एका मायक्रॉनहूनही कमी असू शकते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनांचा. जमिनीची थरथर आणि मास्टर दीनानाथांची तान यांतला भेद सुईला कळत नाही. माडीच्या फळ्यांवरून नातू धावला की सुई उडते. स्पीकर त्याच मेजावर ठेवला तर त्याचीच कंपने सुईत परतून घुमारा उठतो. यावरचा उपायही जुना आहे. १९६१ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी तबकडी व सुईची भुजा एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी स्प्रिंगांवर तरंगती ठेवली.

आता बाजारातील पायांचे गणित पाहावे. यंत्राच्या भाराने स्प्रिंग एक सेंटिमीटर दबली तर तिची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ५. एक मिलिमीटरच दबली तर सुमारे १६. या संख्येच्या साधारण १.४ पटींपलीकडची कंपनेच अडतात. त्याखालची तशीच वर चढतात आणि त्या संख्येच्या आसपासची तर वाढून चढतात. मग जो टणक रबरी पाय यंत्राच्या भाराने जेमतेम मिलिमीटरभर दबतो, तो पावलांची संथ कंपने अडवणार कसा? जड वाहनांमुळे जमिनीत उठणारी कंपने बहुधा सेकंदाला १० ते २५ या टप्प्यातील असतात. खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवरील डिचोलीच्या घरात असा पाय म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. (२०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ही थरथर थांबली होती, २०२४ पासून डिचोलीत पुन्हा उत्खनन सुरू झाले आहे.) टोकदार पितळी पाय तर यंत्राला जमिनीशी अधिकच घट्ट जखडतात.

ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरमध्ये सुईसारखे हलणारे काय आहे? जुन्या व्हॉल्व्हला टिचकी मारली तर ती स्पीकरमधून ऐकू येते, एवढा अपवाद मान्य. सीडी प्लेयर वाचलेले आकडे आधी साठवतो, चुका दुरुस्त करतो आणि आपल्या घड्याळाच्या ठोक्यावर ते बाहेर सोडतो. तरीही ‘फरक स्पष्ट ऐकू आला’ अशी साक्ष देणारे भेटतात. सरकारी सेवेत साक्षीची किंमत पडताळणीवरून ठरवण्याची सवय लागली, ती सुटत नाही. घरातील कुणीतरी पडद्याआड नाणे उडवून पाय घालावेत वा काढावेत आणि ऐकणाऱ्याने दहा वेळा आपले उत्तर कागदावर लिहावे. नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर आली तर मी ऐकून घेईन, कारण निव्वळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे. हे सुचवले की विक्रेता म्हणतो, ‘त्याला कान तयार असावा लागतो.’ केसरबाईंच्या गोव्यात हे आपण ऐकून घ्यायचे!

केसरबाई केरीच्या, फोंड्याकडील केरी, आपल्या पेडण्याच्या केरीशी गल्लत नको. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांवर त्यांची भैरवी अंतराळात गेली, तेव्हा सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली होती. पाय दिले नव्हते.

घरच्यासाठी उपाय एवढाच: जांभ्याच्या जाड भिंतीत लोखंडी कोन घट्ट रोवावेत, त्यांवर कडप्प्याची फरशी बसवून तबकडीयंत्र ठेवावे आणि स्पीकर दूर ठेवावेत. गवंड्याचे एका दिवसाचे काम.

खरा संताप येतो तो पैशाच्या वाटेचा. आपल्या माळ्यांवर ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या आहेत; दीनानाथ, केसरबाई, मोगूबाई त्यांत आहेत. चार महिन्यांच्या पावसात पाकिटांना बुरशी धरते आणि ती खाचांत उतरते. त्या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई वीसच्या आसपासची. ती खाचेच्या तळाशी धूळ खरवडत जाते आणि लोक म्हणतात, तबकडी खराब झाली. योग्य सुई, मऊ ब्रश, ऊर्ध्वपातित पाणी (लाखेला स्पिरिट कदापि लावू नये), नवी पाकिटे, उभी मांडणी आणि संगणकावर एक प्रत, एवढे सारे त्या महागड्या पायांच्या एका संचाहून कमी पैशांत होते. अॅम्प्लिफायरला पितळी पाय आणि मोगूबाई ओल्या माळ्यावर, हे दृश्य सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांत दिसावे?

यंदा मिरगाआधी पेट्या खाली उतरवाव्यात. तडा न गेलेल्या तबकड्यांची निदान यादी घरोघर व्हावी: गायकाचे नाव, कंपनीचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंची पदे.